मागं पडणारा फोन

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी हैदरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, सहा फुटांची टपरी. पण तालुक्यातले पाण्यात पडलेले, बैलाच्या पायाखाली आलेले, लेकरांनी आपटलेले सगळे फोन शेवटी याच टपरीत येतात. सप्टेंबरातल्या एका दुपारी वर्षाराणी तिथं आली आणि तिनं आपला फोन काउंटरवर असा काही ठेवला, की हैदरनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून आधी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"हैदरभाई, याला काय झालंय सांगा. परवा अपडेट घेतलं, तेव्हापासून आज बोट लावलं तर उद्या उघडतोय."

"अपडेट घेतलंच कशाला ताई? मी समद्यांना बोंबलून सांगतो, जुन्या फोनला अपडेट घेऊ नका म्हणून. मुद्दाम हळू करत्यात. तुम्ही वैतागायचं, अन् नवा फोन घ्यायचा. झालं त्यांचं काम."

"मुद्दाम? कशावरून?"

वर्षाराणीचं हे 'कशावरून' तिच्या अख्ख्या माकणी गावाला पाठ होतं. पोरगी पंचविशीची, फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, आणि आकड्यात बसल्याशिवाय कुठली गोष्ट तिला पटली तर शपथ. यंदा पीक पाहणीची सहाय्यक म्हणून तिच्याकडं सास्तूरचं शिवार आलं होतं. प्रत्येक गटात जायचं, वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ॲपमध्ये भरायचा. नोंद राहिली तर त्या माणसाच्या सातबाऱ्यावरचा पिकाचा रकाना कोराच राहणार. शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली, आणि फोनची ही तऱ्हा.

"कशावरून काय ताई, एका मोठ्या कंपनीनं कबूलच केलं होतं की. बॅटरी जुनी झाली की आमी वेग कमी करतो म्हणे, फोन मधीच बंद पडू नये म्हणून."

"मग ते भल्यासाठीच झालं की."

"भलं करायचं तर सांगून करावं. गुपचूप केलेल्या भल्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

यावर वर्षाराणीनं पिशवीतून वही काढली. वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं, असा तिचा खाक्या. हैदरच्या खणात नेमका त्याच मॉडेलचा एक फोन पडून होता, त्याच सालचा, अपडेट न घेतलेला. दोन्ही फोन शेजारी ठेवले, हैदरनं घड्याळ धरलं. दुसरा फोन बोट लावताच उघडायचा. वर्षाराणीचा चार सेकंदांनी. दहा वेळा केलं, दहाही वेळा चार.

हैदर डोकं खाजवायला लागला. "ताई, ढिला फोन असा न्हाय वागत. ढिला फोन कधी दोन घेतो, कधी दहा. ह्यो तर शिस्तीत उशीर करतोय."

मग तिनं कॅमेरा उघडून हैदरवर धरला. त्यानं हात हलवून "सलाम वालेकुम" म्हटलं. स्क्रीनवरचा हैदर गप्प बसलेला होता. चार सेकंदांनी त्यानं हात हलवला, आणि आवाज त्याच्याही मागून आला, त्याचा हात खाली गेल्यावर. आवाज चित्राच्याही मागं राहतोय, असं तिनं वहीत लिहिलं. जुनं सॉफ्टवेअर परत टाकतो, दोन दिवस ठेवून जा, असं हैदर म्हणाला. पण शेवटची तारीख होईपर्यंत फोन सोडायला ती तयार नव्हती. त्याऐवजी खणातला तो जुळा फोन तिनं हक्कानं मागून घेतला आणि दुसरं सिम त्यात घातलं.

पुढचे दोन दिवस पोरगीनं पिकं कमी आणि फोनच जास्त पाहिला म्हणा ना. वहीत आकडे जमत गेले. लोहारा चार. माकणी चार. धरणाच्या भिंतीवर चार. सास्तूरच्या नव्या गावात मात्र नऊ. आणि गावाबाहेर, भूकंपात गेलेल्या जुन्या गावठाणाकडं जी वाट उतरते, तिथं चाळीस. मागं फिरून गावात आली तर पुन्हा नऊ. वाटेवर गेली तर पुन्हा चाळीस. बॅटरी भरून बघितली, उतरवून बघितली, फोन सावलीत धरला, नेटवर्क बंद केलं. चाळीस म्हणजे चाळीसच. जुळा फोन मात्र सगळीकडं सुतासारखा सरळ चालत होता.

त्याच वाटेवर समोरून एक बैलगाडी आली. ती तिच्या शेजारून पुढं गेली, वळणाआड झाली, घुंगरांचा आवाजही थांबला. वर्षाराणीनं सहज कॅमेरा उघडला. स्क्रीनवर तीच गाडी अजून समोरून येत होती. बैलांच्या नाकातली वेसण दिसत होती, गाडीवानाच्या तोंडातली विडी दिसत होती. गाडी अगदी जवळ आली तेव्हा वर्षाराणी मोकळ्या वाटेवर बाजूला सरकली, आणि मग आपण कुणाला जागा दिली हे ध्यानात येऊन एकटीच हसली. 

तिनं जुळ्या फोनवरून हैदरला सगळं सांगितलं.

"टॉवरची भानगड असंल ताई."

"नेटवर्क बंद करून बघितलंय, हैदरभाई. टॉवर कुठनं येणार?"

 "बरं," हैदर म्हणाला, "आता तो फोन माझ्या दुकानात नका आणू. लांबनंच दुरुस्त करू आपण."

शेवटच्या दिवशी यादीत एकच नाव उरलं, विठाबाई बलभीम. तिचं वावर जुन्या गावठाणाला लागूनच. दुपारी चारच्या सुमाराला वर्षाराणी बांधावर पोचली. पावसानं सोयाबीन पिवळं पडलं होतं. विठाबाई साठीच्या पुढची, अंगानं काटक, पदर खोचून सरीत साचलेल्या पाण्याला वाट काढून देत होती.

"आलीस व्हय गं सरकारी बाई? मला वाटलं, माझं नाव गाळलं का काय तुमच्या यादीतनं."

"तुमचं नाव कोण गाळतंय मावशी? उभ्या राहा पिकात, फोटो काढते."

सवयीनं तिनं आपलाच फोन पुढं धरला, आणि तिचा हात तिथंच थांबला. स्क्रीनवर सोयाबीन नव्हतं, विठाबाईही नव्हती. डोक्याएवढी ज्वारी उभी होती, कणसं भरलेली, आणि मध्ये पांढरा सदरा घातलेलं बुजगावणं.

"काय गं? भूत बघितल्यावानी का उभी?" विठाबाई चिखल तुडवत आली आणि तिनं फोनमध्ये डोकावलं. "आगं, ही तर माझीच ज्वारी! शिमग्याला काढली की म्या. अन् ते बघ, मालकांचा सदरा. बुजगावणं उन्हाळ्यात वावटळीनं उडवून नेलं, सदरा घावलाच न्हाय."

वर्षाराणीनं मनात मोजलं. भरलेली कणसं म्हणजे पौष. बोटाचा उशीर सेकंदांचाच राहिला, पण कॅमेऱ्यातल्या चित्राचा एका बांधाच्या अंतरात नऊ महिन्यांवर गेला होता. तिनं नोंद जुळ्या फोनवरून भरून टाकली, काम संपवलं, आणि मग राहवेना म्हणून म्हातारीला सगळं सांगितलं: अपडेट, चार सेकंद, नऊ, चाळीस, बैलगाडी.

 विठाबाईनं गावठाणाच्या दिशेला हात केला. "अन् तिकडं आत गेलं तर? अजून मागचं दिसंल?"

"काय माहीत मावशी. दिसेलही."

"माझी एक लेक व्हती. शुभांगी. सहा वरसांची. मालक सोलापूरला गिरणीत, घरात आमी दोघीच. तिचा फोटू येकच, जत्रंत काढलेला, त्यो बी घराबरूबर मातीत गेला." ती हे सरळ आवाजात सांगत होती, पण हातातलं खुरपं एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. "आता तिचं तोंड येत न्हाय गं डोळ्यांम्होरं. फ्रॉक येतो, येणी येती, पायातले वाळे येत्यात. तोंड येत न्हाय. आई हाय म्या तिची. एकदा दाव. एक फोटू काढून दे, मग मरायला मोकळी."

 नेमका तेव्हाच वर्षाराणीच्या हातातला फोन थरथरला. स्क्रीनवर ओळ आली होती: महत्त्वाचे अपडेट, फोन पाच वाजता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

तिनं घाईनं जुळ्या फोनवरून हैदरला लावला.

"येऊ द्या की ताई! त्यात वेगाचीच दुरुस्ती हाय म्हणे. सुटलात तुम्ही."

"मला ते नकोय. थांबवता येतं का?"

"तीनदा पुढं ढकललं असंल तर आता न्हाय थांबत. का? काय झालं?"

तिनं काही न सांगता फोन ठेवला. साडेचार वाजून गेले होते. पाचनंतर फोन झटपट चालणार, आणि त्या माऊलीला लेकीचं तोंड पुन्हा कधीच दिसणार नाही, एवढंच त्या वेळी तिच्या डोक्यात होतं. का, कसं, कशावरून, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

जुनं गावठाण म्हणजे दगडांचे ढीग आणि त्यात माजलेली वेडी बाभूळ. मधूनच एखादं सीताफळ, एखादं अर्धं गाडलेलं उखळ. वाट कुठंच नव्हती, पण विठाबाई बाजाराला निघाल्यासारखी सरळ चालत होती. "ही पेठ. हितं शिंपी बसायचा. हे मारुतीचं देऊळ, हितनं डाव्या अंगाला." काट्यात लुगडं अडकलं की हिसका देऊन सोडवायची आणि पुढं.

वर्षाराणी फोन धरून मागं. स्क्रीनवरच्या बाभळी लहान होत चालल्या होत्या. आणखी पन्नास पावलांवर त्या नाहीशा झाल्या. नुसते दगड राहिले, त्यांच्यावर गवत. मग गवतही गेलं.

मग माणसं दिसली. तोंडाला पांढरी फडकी बांधलेली, ढिगाऱ्यावर वाकलेली. मागं लष्कराची गाडी. दोघं मिळून काहीतरी उचलत होते.

तिनं झटकन फोन खाली घेतला. "मावशी, आत्ता तुम्ही बघू नका."

"म्या ते डोळ्यांनी बघितलंय. चाल तू."

पंधरा मिनिटं उरली होती. मग दहा. विठाबाई एका जागी थांबली, पायानं पाला बाजूला केला. खाली घडीव दगडाची एक कड होती.

"ह्यो माझा उंबरा."

वर्षाराणीनं फोन वर धरला.

घर उभं होतं. माळवदाचं, दगडी, निळ्या दाराचं. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरपं पडलं होतं. अंगणात तिशीतली एक बाई पाठमोरी बसून सुपात काहीतरी पाखडत होती. उंबऱ्यावर एक पोरगी. कपाळभर गुलाल, हातात खोबऱ्याचा तुकडा. ती खाली मान घालून पायातले वाळे फिरवत होती.

विठाबाईच्या तोंडून आवाज फुटला तो शब्दांचा नव्हता. मग ती बोलायला लागली. "गणपती बुडवून आलो व्हतो. आल्या आल्या पाणी मागितलं तिनं. शुभे! आगं, वर बघ गं बाई! फोटू काढ, फोटू काढ आधी!"

वर्षाराणीनं बटण दाबलं. बारीक वर्तुळ फिरायला लागलं.

गणपती बुडवून आलो होतो.

सास्तूरमध्ये जन्मलेल्या लेकरालाही ठाऊक आहे, गणपती बुडवून गाव झोपलं आणि पुढची पहाट भूकंपाची कशी आली ते. वर्षाराणी तेव्हा जन्मलीही नव्हती, पण तिलाही ठाऊक होतं. ही तीच संध्याकाळ होती.

चार सत्तावन्न.

 समोर घर होतं, घरात माणसं होती, आणि रात्र अजून व्हायची होती. शहाणपण, फिजिक्स, वही सगळं बाजूला राहिलं आणि ती जीव खाऊन ओरडली.

"विठाबाई बलभीम! बाहेर या! घरात थांबू नका! विठाबाई बलभीम, बाहेर या!"

महिनाभर बांधाबांधावर उभं राहून ती यादीतली नावं पुकारत आली होती, खातेदाराचं नाव, पुढं नवऱ्याचं किंवा बापाचं. त्या घाईत तोंडातून तेच आलं.

सुपावरची बाई हलली नाही. वर्तुळ फिरतच होतं.

पोरगीनं मान वर केली.

स्क्रीन काळा झाला.

पाच वाजले होते. बाभळीत कुठंतरी होला घुमत होता. बाकी सगळं गप्प. फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि बोट टेकवायचा अवकाश, झटकन उघडला. वर्षाराणीनं कॅमेरा लावून बघितला. बाभळी, दगड, विठाबाईचा पदर, सगळं जागच्या जागी आणि त्याच क्षणाचं.  ती खाली बसली.

विठाबाई उंबऱ्याच्या दगडावर बसली होती. ती वर्षाराणीकडं बघत होती, आणि ते बघणं मघासारखं नव्हतं.

"त्या सांजंला शुभी मला म्हणली," ती सावकाश बोलायला लागली. "आई, दारात येक बाई हुबी हाय, हातात काच धरून. तोंड हलवती, पर आवाज न्हाय तिला. म्या वळून बघितलं, तर कुणी न्हाय. म्हणलं, काय बी बोलतीस गं. दिलं सोडून."

"मावशी..."

"थांब. आवाज पहाटं आला." तिनं दगडावर हात ठेवला. "झोपंत हाक ऐकली म्या. बाईमाणसाचा आवाज, लई घाईचा. नवऱ्याच्या नावासकट. आपल्याला असं कोण हाक मारतं? म्हणलं, कचेरीतली कुणी बाई आली का काय असल्या येळंला. पोरगी गाढ झोपली व्हती, तिच्या अंगावर पांघरूण घातलं अन् येकलीच बाहेर आले. अंगणात कुणी न्हाय. हितं, ह्या जागंला हुबी व्हते. अन् मागं समदं बसलं."

वर्षाराणीनं हातातला फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"बत्तीस वरसं लोक म्हणत्यात, विठाबाईला देवानं हाक मारली. म्या बी तेच म्हणत आले." तिच्या आवाजात राग नव्हता. यादीत नाव का नाही, असं कुणी कचेरीत विचारावं तसं तिनं विचारलं. "पर आत आमी दोघी व्हतो, बाई. तिचं नाव का न्हाय घेतलंस?"

वर्षाराणीला रडू फुटलं. ती हुंदके देत रडली, आणि विठाबाईनं तिला रडू दिलं. जवळ घेतलं नाही, दूरही लोटलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं हात पुढं केला.

"फोटू निघाला का बघ."

फोटो निघाला होता. बोट लावताच समोर आला, लखलखीत, कुठं जराही पुसट नाही. विठाबाईनं पदरानं हात पुसले, फोन दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"हीच," ती म्हणाली. "हीच माझी शुभी. नाक बघ, माझ्या आईचं." तिचे ओठ हसायला लागले होते. मग तिनं फोन थोडा लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

फोटोत आई पाठमोरी सूप पाखडत होती. उंबऱ्यावरची पोरगी उठून उभी राहिली होती आणि सरळ त्यांच्याकडं बघत होती. एका हातात खोबरं, आणि दुसरा हात, नीट ऐकू यावं म्हणून, कानामागं धरलेला.